आत येणारी पावलं

(जानेवारी, सकाळचे सात. अरवलीच्या टेकड्यांना लागून असलेली फरीदाबादची एक सोसायटी. बाहेर दाट धुकं.)

सुधन्वा: आधी बाल्कनीचं दार लाव, मावशी. मग सांगतो.

हेमलता: अरे, तिसऱ्या मजल्यावर राहतो आपण. कोण येतंय बाल्कनीतून? आणि हे बूट बघ! चिखलाचे बूट घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात...

सुधन्वा: लाव ना यार, मावशी!

हेमलता: लावलं. चलो, बस इथे. पाणी पी. अरे, थरथरतोयस का असा? काकांनी सिमेंटला पाणी मारायला पाठवलं होतं की स्वतःच्या अंगावर ओतून घ्यायला?

सुधन्वा: पाणी मारलंच नाही. कंपाउंडच्या भिंतीतल्या मोरीपाशी, पाणी बाहेर जायच्या भोकाशी, काल मिस्त्रीने कोबा केला ना, त्यावरचं गोणपाट उचललं. खाली पावलं उमटलीत.

हेमलता: एवढंच? माझ्या कुत्र्यांची असतील. शेव आणि लाडू दोघं ओल्या सिमेंटवर हमखास...

सुधन्वा: शेव आणि लाडू शेवटचे कधी दिसले तुला?

हेमलता: झाले असतील पंधरा दिवस. नगरपालिकेची गाडी घेऊन गेली म्हणे. अनारसाही नाही परवापासून.

सुधन्वा: कुठली गाडी आली नव्हती, मावशी. कुत्र्याच्या पावलाला पुढे नखं उमटतात. याला नखं नाहीत. आणि माझा पूर्ण तळहात मावतो त्यात.

हेमलता: म्हणजे?

सुधन्वा: बिबट्या.

हेमलता: अच्छा. बरं. तू घाबरू नकोस. म्हणजे बरंच झालं ना रे? काल जाळी बसली. तूच अर्ज लिहून दिलास, 'टेकडीवरून जनावरं आत येतात, मोरीला जाळी लावा,' आणि काका सेक्रेटरी, त्यांनी आठ दिवसांत कमिटीकडून पास करून घेतला. आता यायचं कुठून त्याला?

सुधन्वा: पावलं आत येणारी आहेत. फक्त आत येणारी. बाहेर जाणारं एकही नाही.

हेमलता: मला समजेल असं बोल.

सुधन्वा: मिस्त्री कोबा करून पाचला वेल्डरकडे जाळी आणायला गेला. आला साडेसातला, अंधारात. जाळी बसवली, कुलूप लावलं, वर गोणपाट टाकून घरी गेला. त्या मधल्या वेळात तो आत आला होता. रोज येत असेल तसाच. रात्री आत, पहाटे बाहेर. आणि आपण त्याच्या मागे कुलूप लावलं. तो अजून आत आहे, मावशी. आपल्यात.

हेमलता: देवा रे.

सुधन्वा: काका कुठायत?

हेमलता: फिरायला गेलेत. सव्वासहाला. गार्डनमध्ये दहा चकरा, ठरलेल्या.

सुधन्वा: मी गार्डनमधूनच पळत आलो. तिथे कोणी नाही.

हेमलता: धुक्यात दिसले नसतील.

सुधन्वा: मावशी, फ्रिज उघड. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी आहे का बघ.

हेमलता: नाही. कालही नव्हती. मला वाटलं, तू रात्री जागून पितोस.

सुधन्वा: काका नेतात. सी टॉवरमध्ये. तुझ्या पिवळ्या चकलीने तिथे पिल्लं घातलीत, दुसऱ्या मजल्यावर. मला शपथ घातली होती की तुला सांगायचं नाही.

हेमलता: हे? माझ्या कुत्र्यांना 'सोसायटीवरचं अतिक्रमण' म्हणणारे हे? दहा वर्षं मी त्या भिंतीशी त्यांची जेवणाची भांडी मांडतेय, दहा वर्षं यांचं नाक वर! आणि त्या अर्धवट टॉवरमध्ये? बिल्डर पळाला तेव्हापासून तिथे ना दिवा ना कठडा...

सुधन्वा: सोसायटीत अंधारी, रिकामी, माणूस न येणारी जागा तेवढी एकच आहे. तो दिवसभर लपणार तर तिथेच लपणार.

हेमलता: मी फोन लावते.

सुधन्वा: नको! त्यांची रिंग आठव.

हेमलता: शंख. खिशात ऐकू येत नाही म्हणून फुल व्हॉल्यूमवर शंख. मग काय करू? इथे बसून राहू का? तू वनसेवेच्या परीक्षा देतोस ना? तीन वर्षं अभ्यास करतोयस, सांग मला काय करायचं!

सुधन्वा: मी वाटेतच वनखात्याला फोन केला. गाडी निघालीय. धुक्यात दीड तास लागेल म्हणाले.

हेमलता: दीड तास! अरे, हा बघ. हा त्यांचाच फोन आला. हॅलो? अहो, कुठे आहात?

सूर्यकांत: हेमा. ओरडू नकोस. हळू बोल.

हेमलता: हळूच बोलतेय. कुठे आहात?

सूर्यकांत: सी टॉवर. दुसरा मजला. तू चिडशील, पण ते नंतर. खालच्या जिन्यात, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या चौकात, काहीतरी बसलंय. मला आधी सिमेंटची गोण वाटली. मी तिच्या बाजूनेच वर आलो असणार, अंधारात. आता उतरायला गेलो तर गोणीची शेपटी हलली.

हेमलता: फोन कानाला घट्ट धरा. स्पीकर लावू नका. सुधन्वा इथेच आहे. थांबा, त्याला पण जोडते.

सुधन्वा: काका, तो तुमच्याकडे बघतोय का?

सूर्यकांत: मी आडोशाला आलोय. खांबामागे. भिंतीच नाहीत रे इथे, नुसता स्लॅब आणि खांब. चकली आहे, चार पिल्लं आहेत. ती भुंकतसुद्धा नाही. नुसती थरथरतेय. मी तिच्या मानेला धरून ठेवलंय.

सुधन्वा: दुसरा जिना?

सूर्यकांत: नकाशात आहे. बांधलाच नाही.

हेमलता: उडी?

सूर्यकांत: बावीस फूट. माझं वय त्रेसष्ट आणि डावा गुडघा. नाही.

हेमलता: मी ग्रुपवर टाकते. सगळ्यांना बोलावते. सिक्युरिटीवाले पाच आहेत, त्यांच्याकडे काठ्या आहेत...

सुधन्वा: नाही, मावशी! फोन ठेव खाली. दहा मिनिटांत दोनशे माणसं जमतील. काठ्या, फटाके, मोबाइल. खालून आरडाओरडा झाला तर तो कुठे जाईल?

हेमलता: वर.

सुधन्वा: वर काका आहेत.

सूर्यकांत: त्याचं बरोबर आहे, हेमा. कोणाला कळवायचं नाही. पुढचा मुद्दा बोला. याला बाहेर जायचं असेल तर वाट कोणती?

सुधन्वा: आला तीच. त्याला ती एकच वाट माहीत आहे. ती मोकळी मिळाली आणि शांतता मिळाली तर तो आपणहून निघून जाईल. बहुतेक.

हेमलता: बहुतेक?

सुधन्वा: जाळी उघडायला हवी. काका, कुलपाची किल्ली?

सूर्यकांत: माझ्या खिशात.

हेमलता: अर्थात! आख्ख्या सोसायटीच्या किल्ल्या यांच्या खिशात. पाण्याची टाकी, मीटर रूम, क्लब हाउस. एक दिवस एक किल्ली घरी खुंटीला लावली असती तर काय बिघडलं असतं?

सूर्यकांत: भांडण पेंडिंग ठेव. सुधन्वा, टॉवरच्या मागच्या बाजूला वाळूचा ढीग आहे. त्याच्या शेजारी कर्णा लावलेलं लिंबाचं झाड...

हेमलता: कर्णा! अहो, कचऱ्याची गाडी!

सुधन्वा: काय?

हेमलता: साडेसातला येते. गाणं लावून. आणि सी टॉवरच्या तोंडाशीच उभी राहते, डबे तिथेच आहेत. सात-वीस झालेत.

सूर्यकांत: गाणं लागलं की तो उठणार.

सुधन्वा: मावशी, ती गाडी गेटवर अडवायची. तू जा. मी टॉवरकडे जातो, काका किल्ली वरून टाकतील. फोन कोणीही कट करायचा नाही. हेडफोन लाव कानात.

हेमलता: आणि तू एकटा जाणार? माझ्या बहिणीने संगमनेरहून पोरगं अभ्यासाला पाठवलंय माझ्याकडे. तिला काय तोंड दाखवू?

सुधन्वा: अर्ज मी लिहिला होता, मावशी. मला जाऊ दे.

हेमलता: माझी शाल घे. पांढरी नको, ही राखाडी. आणि ते बूट काढ, वाजतात. चपला नकोत, मोजेच राहू देत.

सूर्यकांत: हेमा, तू लिफ्टने जा. जिन्याने नको.

हेमलता: माझी काळजी तुम्ही करताय! थांबा, बोलू नका आता. पोचले की सांगते.

सुधन्वा: काका, मी बी टॉवरच्या कोपऱ्यावर आहे. काही दिसत नाही धुक्यात. हात पुढे केला तर हात दिसत नाही.

सूर्यकांत: भिंत उजव्या हाताला ठेव. चाळीस पावलं. मग वाळू लागेल.

सुधन्वा: काका, तो आत्ता काय करतोय?

सूर्यकांत: मला दिसत नाही. ऐकू येतंय. श्वास. करवत हळू ओढावी तसा.

सुधन्वा: माझे पाय चालत नाहीयेत, काका.

सूर्यकांत: माझेही. मोज. मोठ्याने नको, मनात. चाळीस.

हेमलता: भैया! भैया, रुको। अरे, रोको गाडी को, अंदर मत लाओ। गाना बंद करो पहले। ... नहीं, कोई परीक्षा-वरीक्षा नहीं है। भैया, मेरी बात मानो। ... हां, डबे बाद में। ... क्यों मतलब? ... हमारे घर में गमी हो गई है। ... मेरे पति। ... आज सुबह। ... हां, सी टावर के पास। आप बस यहीं खड़े रहो। गाना मत लगाना, हाथ जोड़ती हूं।

सूर्यकांत: ...

हेमलता: ऐकलंत ना तुम्ही? तुम्ही गेलात म्हणाले मी, दुसरं काही सुचलंच नाही हो. आधी वाढदिवस म्हणणार होते, पण वाढदिवसाला कोण गाणं बंद करतं? तोंडातून निघून गेलं. माझी जीभ झडो. अहो, काहीतरी बोला.

सूर्यकांत: गाणं बंद झालं ना?

हेमलता: झालं. गार्डने टोपी काढली डोक्यावरून.

सूर्यकांत: मग काम झालं. रडू नकोस. तिथेच थांब.

सुधन्वा: वाळू लागली, काका. मी खाली आहे. तुम्ही कुठल्या बाजूला?

सूर्यकांत: बरोबर तुझ्या डोक्यावर. किल्ली जुडग्यातून काढतोय. चौदा आहेत. प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नाव लिहिलंय, पण चष्म्यावर दव आलंय. 'क्लब'... नाही. 'पंप'... ही. 'मागची मोरी.' कानटोपीत गुंडाळून टाकतो म्हणजे वाजणार नाही. हात वर कर.

सुधन्वा: टाका.

सूर्यकांत: टाकली.

सुधन्वा: सापडत नाही. काका, वाळूत... थांबा. टोपी मिळाली. किल्ली... आहे. मिळाली.

सूर्यकांत: हळू.

सुधन्वा: काय झालं?

सूर्यकांत: श्वास थांबलाय त्याचा. ऐकतोय तो. जा तू. आता जा.

हेमलता: सुधन्वा, पळू नकोस रे. पळालं की ती मागे लागतात, तूच सांगितलं होतंस.

सुधन्वा: चालतोय. मावशी, बोलत राहा माझ्याशी.

हेमलता: काय बोलू? बोलते. तुझी आई लहानपणी बैलाला भ्यायची. म्हशीला नाही, बैलालाच. आम्ही हसायचो. मी कधी कशाला भ्याले नाही. आत्ता मला भीती वाटतेय रे. फार भीती वाटतेय.

सुधन्वा: पोचलो. जाळीशी आहे. कुलूप नवीन आहे, घट्ट बसलंय. उघडलं. जाळी ओढतो. बिजागरी करकरतेय, मावशी...

हेमलता: तेल! खिशात काही...

सुधन्वा: उचलून धरली की करकरत नाही. झाली. सताड उघडली. दगड लावला. मी शेजारच्या जनरेटरच्या खोलीत चाललोय. जाळीचं दार आहे, आतून कडी घातली. इथून मोरी दिसते. थोडीशी.

सूर्यकांत: शाबास. आता?

सुधन्वा: आता काही नाही, काका. आता थांबायचं.

हेमलता: किती?

सुधन्वा: त्याला वाटेल तेव्हा.

सूर्यकांत: कोणीतरी बोलत राहा. हळू. ही शांतता मला सहन होत नाही. सुधन्वा, तुझा तो प्रश्न कुठला होता? परवा पेपर दाखवलास. पंधरातले साडेपाच मिळाले होते.

सुधन्वा: आत्ता?

सूर्यकांत: मग कधी?

सुधन्वा: प्राणी आणि वनस्पती कुठे राहतात, कुठे राहत नाहीत, हे कशावरून ठरतं. नैसर्गिक घटक सांगा, मानवी घटक सांगा. मी पाच पानं लिहिली होती. सरांनी शेवटी लाल पेनने एकच शब्द लिहिला, 'उदाहरण?'

सूर्यकांत: दे उदाहरण.

सुधन्वा: बरं. टेकडी आहे. दगड आहेत, कपारी आहेत, उन्हाळ्यात सावली आहे. म्हणून बिबट्या इथे पूर्वीपासून आहे. दिल्ली वसली त्याच्याही आधीपासून. हे नैसर्गिक.

सूर्यकांत: पुढे.

सुधन्वा: मग माणसांनी टेकडी फोडली. खाणी खणल्या, मग बंद पडल्या, त्यात पाणी साचलं. त्याला बारमाही पाणी मिळालं. इथली जुनी झाडं तुटली होती, तिथे इंग्रजांच्या काळात बाहेरून आणलेली कीकर लावली...

हेमलता: वेडी बाभूळ. मिरजेला आम्ही वेडी बाभूळच म्हणायचो. भिंतीपलीकडे सगळी तीच आहे. दुसरं काही उगवू देत नाही मेली.

सुधन्वा: तीच. आता तिचं रान इतकं दाट झालंय की दिवसा दहा फुटांवर बसला तरी दिसत नाही. लपायला जागा झाली. पण हरणं, ससे, ज्याच्यावर तो जगायचा, ते संपत आलं. आणि एका बाजूला हायवे आला, दुसऱ्या बाजूला आपण आलो. त्याला लांब कुठे जाता येत नाही. म्हणजे पाणी आहे, आडोसा आहे, वाट नाही आणि खायला...

हेमलता: थांबलास का?

सुधन्वा: काही नाही, मावशी.

हेमलता: खायला माझी कुत्री. बोल ना. नऊ होती. रोज संध्याकाळी साडेपाचला, त्याच भिंतीशी, मी भाकरी-दूध मांडते. मुकी जनावरं थंडीत उपाशी राहू नयेत म्हणून. नऊची सहा झाली तरी मी मांडतच राहिले. मीच त्याचं ताट वाढत होते की रे.

सुधन्वा: मी तसं म्हणत नाही.

हेमलता: मी म्हणतेय.

सूर्यकांत: हेमा, पुरे. ज्याने जाळी लावायच्या आधी तो आत आहे की बाहेर एवढंही बघितलं नाही, तो सेक्रेटरी वर खांबामागे उभा... थांबा.

हेमलता: काय?

सूर्यकांत: उठला.

सुधन्वा: खाली गेला?

सूर्यकांत: नाही. पायऱ्या. वर येतोय.

हेमलता: अहो...

सुधन्वा: काका, हलू नका. बोलू नका. पाठ दाखवू नका. आता आम्ही बोलतो, तुम्ही फोनवर नखाने वाजवा. ठीक असाल तर एकदा.

सूर्यकांत: टक.

हेमलता: जवळ आहे?

सूर्यकांत: टक.

हेमलता: सुधन्वा, मी जाते वर. मी गाडीवाल्याला सांगते गाणं लाव, लांबून लाव, तो घाबरून...

सुधन्वा: नाही! मावशी, जागेवरून हलू नकोस. तुला माझी शपथ.

हेमलता: अहो, ऐका. तुम्ही आहात ना?

सूर्यकांत: टक.

हेमलता: मी खोटं बोलले हो गाडीवाल्याला. खोटं होतं ते. देवाने ऐकलं असेल तर त्यालाही सांगते, खोटं होतं. तुम्ही आहात ना?

सूर्यकांत: ...

हेमलता: अहो. वाजवा ना.

सुधन्वा: मावशी, कसला तरी आवाज झाला.

हेमलता: कसला?

सुधन्वा: टॉवरमधून. धप्पकन. जिन्यात काहीतरी पळालं. मग दुसरा आवाज.

हेमलता: माणसाचा होता का? सुधन्वा, माणसाचा होता का?

सुधन्वा: माहीत नाही. श्श. येतोय.

हेमलता: कोण?

सुधन्वा: तो. धुक्यातून. माझ्यासमोरून चाललाय, मावशी, आठ-दहा फुटांवरून. केवढा आहे... बोलू नकोस.

हेमलता: ...

सुधन्वा: तोंडात काहीतरी आहे.

हेमलता: काय आहे? काय आहे तोंडात?

सुधन्वा: दिसत नाही नीट. ओढत नाहीये. उचलून नेतोय.

हेमलता: कपडे आहेत का? सुधन्वा, यांचा मरून रंगाचा स्वेटर आहे का अंगात?

सुधन्वा: नाही. लहान आहे, मावशी. लहान आहे. पिवळट. मोरीशी थांबलाय. वास घेतोय. मान वाकवली... गेला. गेला तो. बाहेर गेला.

हेमलता: अहो!

सूर्यकांत: टक.

हेमलता: बोला! आता तोंडाने बोला!

सूर्यकांत: आहे मी.

हेमलता: लागलंय का कुठे?

सूर्यकांत: नाही. काही नाही. खाली बसलोय.

सुधन्वा: काका, मी येतोय वर. काय झालं?

सूर्यकांत: शेवटच्या पायरीवर आला होता. मी खांबाच्या या बाजूला, तो त्या बाजूला. डोळे बघितले मी त्याचे. त्यालाही नव्हतं यायचं, सुधन्वा. त्याला फक्त जिना कुठला वर जातो आणि कुठला खाली, ते कळत नव्हतं.

हेमलता: आणि चकली? ती धावून गेली का त्याच्यावर? तुम्हाला वाचवायला?

सूर्यकांत: नाही.

हेमलता: मग?

सूर्यकांत: मी तिची मान धरून ठेवली होती. सगळा वेळ. ती माझ्या पायाशी, माझ्या हातात. मी धरून ठेवलं असतं तर ती हललीही नसती. तो एवढ्या जवळ आला तेव्हा मी... मी हात सोडला, हेमा. तिला वाट दिली. ती पळणार आणि तो तिच्यामागे जाणार, हे मला माहीत होतं.

हेमलता: चकलीला?

सूर्यकांत: रोज येत होतो मी तिच्याकडे. माझं पाऊल वाजलं की ओळखायची.

हेमलता: पिल्लं?

सूर्यकांत: चारही आहेत. माझ्या स्वेटरमध्ये घातलीत. डोळे उघडलेत यांचे परवाच. दूध सांडलं सगळं.

हेमलता: घरी घेऊन या.

सूर्यकांत: घरात?

हेमलता: घरात. आणि आजपासून भिंतीशी भांडी नाहीत. उरलेल्या पाचांना पुढच्या गेटशी, दिवसाउजेडी देईन, नाहीतर देणार नाही. मला जे जमेल ते.

सुधन्वा: काका, मी जिन्यात पोचलो. हात द्या. वनखात्याला काय सांगू? आणि जाळी? पुन्हा कुलूप लावू का?

सूर्यकांत: ते लोक आले की विचारू त्यांना. पहिल्यांदा विचारू. तोपर्यंत उघडी राहू दे.

हेमलता: अहो, तो कचऱ्याच्या गाडीवाला अजून इथेच हात जोडून उभा आहे. विचारतोय, गाडी आत आणू का, गाणं लावू का. काय सांगू त्याला?

सूर्यकांत: गाडी आण म्हणावं. गाणं नको आज. घरातलं कुणी गेलंय.